त्यांच्या नावावरची मात्रा

वाद सुरू झाला की आमचे फोटोवाले आधी दोन पावलं मागे सरकायचे. समोरच्याला वाटायचं, घाबरले. मग ते तिथूनच शांतपणे सांगायचे, "अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथाई होते. हं, आता बोला, काय म्हणत होता?" निम्मी भांडणं तिथंच हसण्यावारी जायची.

आमचा दवाखाना हायवेला लागून, शिवरे ओलांडून कामथडीकडे जाताना. वीस खाटांचा. मी तिथलं कार्यालय सांभाळायचे, अजूनही सांभाळते. परवाने, औषधांच्या मुदती, जनरेटरचं डिझेल, कोण कधी रजेवर, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. ते एक्सरे काढायचे. आमच्या पेशंटच्या भाषेत एक्सरे म्हणजे फोटो, म्हणून सगळे त्यांना फोटोवाले म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास, वेल्ह्याकडचे, अंगाने काटक. शर्टाच्या खिशावर पेनाशेजारी कायम एक छोटा बॅज.

त्या बॅजबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. किरणांच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाने तो छातीवर लावायचा असतो. अंगावर किती किरण पडले ते तो साठवून ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, तिथं वाचला जातो आणि माणसाच्या नावावर आकडा लागतो. त्याला मात्रा म्हणतात. ती जन्मभर नावावर राहते. म्हणून दोन नियम पक्के: एकाचा बॅज दुसऱ्याने लावायचा नाही, आणि काम संपलं की तो किरणांपासून लांब ठेवायचा. आमच्याकडे ही लांबची जागा म्हणजे माझ्या टेबलाचा उजवा खण. रोज सहा वाजता ते यायचे आणि बॅज माझ्या हातात द्यायचे. खण उघडा असला तरी हातातच. "ताई, सांभाळा," एवढंच म्हणायचे आणि घरी जायचे.

एक्सरे काढताना त्यांचा एक क्रम असायचा. दार ओढून बघायचं, कडी बघायची, मग बाहेरच्यांना कळावं म्हणून बंद दारावर आतून टकटक करायची. मग काचेआड जाऊन मोठ्याने विचारायचं, "आत पेशंटशिवाय कोण आहे?" हे रोज, दर फोटोला, खोली रिकामी दिसत असली तरी. एकदा आतला पेशंटच ओरडला, "म्या एकटाच हाय वो, पर तुमी सारकं इचारताय म्हून आता भ्या वाटाय लागलंय!"

बाईमाणूस आली की दिवस गेले आहेत का, हे विचारायचंच. पोटातल्या जीवाला किरण लागू नयेत म्हणून तो नियम असतो. पण ते सत्तरीच्या म्हातारीलाही विचारायचे. एक आजी म्हणाली, "गेलं की रं बाबा. समदं दिस गेलं, आता काय ऱ्हायलंय?" बाहेर बाकावर बसलेली माणसं हसून लोटपोट झाली. ते गंभीरपणे म्हणाले, "नाही असं लिहितो," आणि खरंच लिहिलं.

मला हे आवडायचं. यादी करणाऱ्या माणसाला दुसरा यादी करणारा भेटला की बरं वाटतं. भिंतीवर त्यांनी एक कागद लावला होता, वाया गेलेल्या फोटोंचा. पेशंट हलला, श्वास धरला नाही, माझी चूक. 'माझी चूक' या रकान्यात महिनोन्‌महिने काही नसायचं. "फोटो परत काढणं म्हणजे माणसाला फुकट किरण देणं," ते म्हणायचे. "पहिलाच नीट काढायचा."

अणूविषयी बोलायला त्यांना निमित्त लागायचं नाही. सारोळ्याचा एक टेम्पोवाला हात मोडून आला होता. प्लास्टर वाळेपर्यंत बाकावर बसून त्याने विचारलं, "काका, फोटुत नुसतं हाडच कसं काय आलं? मांस कुठं गेलं?"

फोटोवाल्यांनी खिशातून हरभऱ्याचा दाणा काढला. फुटाणे कायम खिशात असायचे. दाणा बाकावर ठेवला आणि म्हणाले, "हा अणूचा गाभा. केंद्रक म्हणतात. ह्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि अणूचं जवळजवळ सगळं वजन ह्याच्यातच. आता सांगा, इलेक्ट्रॉन कुठं असतील?"

"त्याच्या भवती आसत्याल. हितं, बाकावर."

"बाकावर नाही. हायवे ओलांडा. तो पेट्रोल पंप दिसतो? तिथं."

"आन मधी काय?"

"काही नाही. मोकळं."

टेम्पोवाल्याने दाण्याकडे बघितलं, पंपाकडे बघितलं. "आसं आसंल तर मग म्या ह्या बाकातनं खाली का पडत न्हाई?"

फोटोवाल्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फार क्वचित पाहिला. "ताई, हा प्रश्न बारावीला कुणी विचारत नाही!" मग त्याला सांगितलं, "तुमच्या अंगातले इलेक्ट्रॉन आणि बाकातले इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून तुम्ही वरच्या वर. पण एक्सरे म्हणजे उजेडाचाच भाऊ. मांसातून तो बराचसा निघून जातो. हाडात कॅल्शियम असतं, त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन जास्त आणि घट्ट धरलेले, तिथं तो अडतो. अडला की सावली पडते. तुम्ही फोटो म्हणता, पण ती तुमच्या हाडाची सावली आहे."

"आन ते किरण अंगात ऱ्हात्यात का?"

"दिवा विझवला की खोलीत उजेड साठून राहतो का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

जाताना टेम्पोवाला दाणा खिशात टाकून घेऊन गेला.

कुणी त्यांच्या मशीनला गमतीने अणुबॉम्ब म्हटलं की मात्र ते चिडायचे. "माझं मशीन गाभ्याला हात लावत नाही. इथं इलेक्ट्रॉन जोरात धातूवर आपटतात, त्यातून किरण निघतात. अल्फा, बीटा, गॅमा गाभ्यातून निघतात, ते घराणंच वेगळं." मग जेवणाच्या सुट्टीत एसटीचं तिकीट, डब्याचं झाकण आणि शिशाचा एप्रन समोर मांडून कोण कशाने अडतो ते सांगायचं. अल्फा तिकिटाने अडतो, बीटा पत्र्याने, गॅमाला जाड शिसं नाहीतर काँक्रीट लागतं, आणि तरी थोडा निसटतोच. आमच्या सिस्टर हे ऐकून ऐकून कंटाळल्या होत्या. मला अजून सगळं पाठ आहे.

कामथडीचं प्रकरण सांगायलाच हवं. तिथल्या एका घरातल्या सुनेला थायरॉइडच्या आजारावर पुण्यात किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. काही दिवस वेगळं झोपा, लेकरांना जवळ घेऊ नका, अशी चिठ्ठी मिळाली होती. ते दिवस संपून दोन महिने झाले तरी ती पडवीतच झोपत होती, ताट वेगळं, कप वेगळा. तिचा नवरा आईचा गुडघा दाखवायला आला तेव्हा बोलता बोलता हे निघालं. फोटोवाल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाले, "ताई, चला. मी एकटा गेलो तर सासू बोलणार नाही."

सासूबाई चुलीपाशी होत्या. फोटोवाल्यांनी भाकरी मागून घेतली. "ह्या आयोडीनचे गाभे फुटतात, त्यातून किरण येतात. पण आठ दिवसांत त्यातले निम्मे गाभे फुटून संपतात." भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवली. "आणखी आठ दिवसांनी उरलेल्यातले निम्मे." परत मोडली. दोन महिन्यांचं असं सात वेळा झालं. शेवटी चिमटीत एक तुकडा उरला. "शिवाय पहिल्या चार दिवसांत बरंचसं लघवीवाटे गेलं, ते मी धरलंच नाही."

"तुकडा ऱ्हायलाच की पर," सासूबाई म्हणाल्या.

"असले तुकडे तुमच्या अंगातपण आहेत, आजी. जन्मापासून. केळ्यात असतात, बटाट्यात असतात, अंगणातल्या मातीत असतात."

"माज्या अंगात? काय बोलतुयास!"

"माझ्यापण. ह्या ताईंच्यापण." मग ते सुनेला म्हणाले, "बाळा, चहा ठेव. तुझ्या कपातून दे."

तिने तो वेगळा ठेवलेला कप आणला.  त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप सासूबाईंच्या हातात दिला.

परतताना आम्ही हायवेला लागलो. मग ते म्हणाले, "वेगळा कप काय असतो, ते माझ्या आज्यानं बघितलंय, ताई. आमच्याच गावात. ह्या आयोडीनचं बरंय, अर्धं व्हायला किती दिवस लागतात ते मोजून ठेवलंय."

 

त्यांना एक मुलगी होती. बारावी सायन्स झाली आणि तिने वडिलांचंच काम निवडलं. पुण्यात रेडिओग्राफीच्या डिप्लोमाला तिचा नंबर लागला तेव्हा ते पेढे घेऊन आले आणि सफाईवाल्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना स्वतः वाटत फिरले. "पोरगी माझ्यापुढं जाणार," म्हणाले. "मी कारकुनासारखा शिकलो. ती समजून शिकेल." तिचं कॉलेज सुरू व्हायला महिना होता.

त्याच महिन्यात ते भाताच्या लावणीसाठी नऊ दिवस रजेवर गेले. दर वर्षी जायचे. बदली म्हणून शिरवळकडचा एक तंत्रज्ञ आला. चाळिशीचा, दोन दवाखान्यांत काम करणारा, सतत घाईत. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुमचा बॅज?" तो म्हणाला, "राहिला तिकडं, मॅडम. उद्या आणतो."

माझ्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं: बॅजशिवाय खोलीत प्रवेश नाही. मी उजवा खण उघडला, फोटोवाल्यांचा बॅज काढला आणि त्याला दिला. तेवढ्यापुरता. यादीतली ओळ पाळली गेली याचं मला समाधानही वाटलं. दुसऱ्या दिवशी औषधांचा मोठा माल आला, मग लाइट गेली, मग आणखी काही. मी पुन्हा विचारलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी बॅज परत घ्यायला गेले तर त्याच्या छातीवर नव्हता. "एप्रनला लावलाय की," तो म्हणाला. शिशाचा एप्रन आत खोलीत, छातीचा फोटो काढायच्या स्टँडशेजारच्या खुंटीवर टांगलेला होता. "घालत नाही का एप्रन?" मी विचारलं. "उकडतंय हो, मॅडम. आणि मी काचेआडच असतो."

म्हणजे नऊ दिवस, दर फोटोला, माणूस काचेआड आणि बॅज किरणांच्या तोंडाशी.

मी तो काढला, रुमालाने पुसला आणि खणात ठेवला. रुमालाने पुसून काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, शेताचा चिखल अजून नखात होता. मी बॅज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशाला लावला.

प्रयोगशाळेचं पत्र यायला दिवाळी उलटली. त्यांच्या नावावर मर्यादेपेक्षा जास्त मात्रा. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांना किरणांच्या कामावरून दूर ठेवावं, आणि सोबतचा अर्ज भरून पाठवावा. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. दवाखान्याचा परवाना त्याच महिन्यात नूतनीकरणाला गेला होता. डॉक्टर कपाळ धरून होते. अर्ज माझ्यापुढे होता, भरायचं काम माझंच. त्यात दोन प्रश्न होते.

बॅज चुकून किरणांच्या खोलीत राहिला होता का? बॅज दुसऱ्या कुणी वापरला होता का?

मी पेन उचललं तेव्हा फोटोवालेच म्हणाले, "नाही लिहा, ताई. दोन्हीला नाही. तुमच्या खणातच असतो."

मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं. त्यांनी खाली सही केली.

परवाना जाईल, डॉक्टर मला काढतील, घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलं शाळेत. अशी कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. कारणं खरी होती. पण तेव्हा एकच वाक्य बोलले असते तर ती मात्रा खोटी ठरून त्यांच्या नावावरून उतरली असती. त्यासाठीच तो अर्ज होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतरचा दीड महिना मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवलं. ते तिथं केसपेपर लिहायचे आणि दुपारी मशीन बंद असलं की खोलीत जायचे. टेपने भिंत मोजायचे. दाराच्या शिशाच्या पत्र्यावर बोट फिरवत चीर शोधायचे. काचेआड आपण उभे राहतो तिथं खडूने पावलं आखली आणि त्या पावलांत उभं राहून मशीनकडे बघत राहायचे. भिंतीवरच्या कागदावर 'माझी चूक' या रकान्यात त्यांनी आठवून आठवून लिहायला सुरुवात केली. एका रडणाऱ्या बाळाला धरलं होतं. एकदा दाराची कडी नीट लागली नसेल. एकदा बटण दाबल्यावर वळून बघितलं.

"सापडलं का?" एकदा मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही ना, ताई. कुठून आलं तेच कळत नाही."

सांगून टाकायला मी दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा आत मावशी फरशी पुसत होत्या. एकदा नव्हत्या.

डिसेंबरअखेर त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला माझ्या टेबलापाशी आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "पोरीचं कॉलेज सोडवलं."

"अहो, का?"

"मी एवढं सांभाळून मला लागलं. ती वयानं लहान, जरा धांदरट. जे कुठून येतं ते मलाच कळलं नाही, त्यात तिला कसं लोटू? लई रडली. पण बाप म्हणून दुसरं काय करणार मी?"

हीच ती वेळ होती. पहिली चूक घाईत झाली, दुसरी भीतीने. तिसऱ्या वेळी मला घाई नव्हती आणि परवानाही येऊन पडला होता. मी म्हणाले, "बघा, विचार करून ठरवा." ते मान हलवून निघून गेले.

त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. मधल्या काळात दोनदा ऐकलं, एकदा बाजारात आणि एकदा त्यांच्या गावच्या पेशंटकडून, की मुलगी हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मी ते ऐकून पुढच्या कामाला लागले. यंदा जुन्या फाइली लावताना त्यांच्या मात्रेचं कार्ड हातात आलं. वर्षानुवर्षं नगण्य आकडे, एकसारखे, आणि शेवटी तो एक. मी कार्ड कपाटात ठेवलं आणि पुढच्या रविवारी वेल्ह्याची एसटी धरली.

घर रस्त्यापासून थोडं आत. भातकाढणी झाली होती, अंगणात झोडणी चालली होती. ते ओसरीवर बसले होते, केस सगळे पांढरे. मला बघून उठले. "ताई! हितं कुठं?" मुलीने पेंढी खाली ठेवून पाणी आणून दिलं आणि परत झोडायला गेली.

येताना बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते. कागद पर्समध्येच राहिला. मी सगळं एका दमात सांगितलं: बदली माणूस, बॅज, एप्रन, अर्ज.

त्यांनी अंगणाकडे बघितलं. मग विचारलं, "स्टँडशेजारच्या खुंटीला?"

"हो."

"नऊ दिवस?"

"हो."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मांडलं, ओठ हलले. "मग बरोबर आहे. तेवढा यायलाच पाहिजे." आणि त्यांचे खांदे खाली आले. इतकी वर्षं ते वर होते हे मला तेव्हा कळलं. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

ते जरा हसलेसुद्धा. मग अंगणातून झोडण्याचा आवाज आला आणि ते हसू गेलं. मी म्हणाले, "मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही."

"माझं सोडा," ते म्हणाले. "तिला सांगा."

"मी? तुम्हीच सांगा ना. तुमच्याकडून ऐकलं तर..."

"मी सांगितलं तर ती म्हणंल, जाऊ द्या आप्पा. माझ्याकडं बघून सोडून देईल. तसं नको. तुम्हाला सोडायचं का नाही, ते तिचं तिला ठरवू द्या." आणि त्यांनी हाक मारली.

ती आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. केसांत भाताचा भुसा, हातावर ओरखडे. "चहा ठेवू का, मावशी?"

"नको. बस जरा."

ती बसली नाही. मी तिच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा सांगताना काही सोपं झालं नाही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"आप्पांनी माझं कॉलेज सोडवलं, ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो. त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हाही मी बोलले नाही."

तिने ओढणीने तोंड पुसलं. एकदा वडिलांकडे बघितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमी जरा आत जा."

ते उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि दार ओढून घेतलं. ओसरीवर आम्ही दोघीच राहिलो.